तिठ्यावर मी कुणीकडे झुकले

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. काठी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे म्हाताऱ्याच्या हातातली, नाहीतर गुरं हाकायची काठी आली असेल. तसली नव्हे मी. मी देवीची काठी. माणसाच्या चौपट उंच, अंगाला लाल-पिवळं कापड गुंडाळलेलं आणि शेंड्याला मोरपिसांचा झुपका. निदान एके काळी होता. उंदरांनी त्याची काय गत केली आहे, ते विचारू नका. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथल्या वाघजाईच्या देवळात, आढ्याखाली, दोन खुंट्यांवर मी आडवी पडून असते. आडवं पडलं की जुनं फार आठवतं, असं म्हातारी माणसं म्हणतात. माझंही तसंच झालं आहे.

माझा जन्म ओढ्याकाठच्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटात झाला. मला अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलं, कारण चांदण्यात तोडलेल्या कळकाला भुंगा लागतो. नथू नावाच्या माणसानं मला महिनाभर चुलीच्या धुरावर टांगलं, करंजाचं तेल पाजलं, जिथं वाकडी होते तिथं शेकून सरळ केलं. त्या धुरानं माझा जीव नकोसा झाला होता. पण आज माझा भुसा झाला नाही तो त्या धुरामुळेच, हेही कबूल करते. शेवटी बुडाला लोखंडी कडं ठोकलं आणि मी कामाला लागले.

काम असं होतं. आमची वाघजाई धाकटी, आणि तिची थोरली बहीण खाली कोकणात, खाडीच्या काठाला. चैत्री पुनवेला धाकटीनं थोरलीच्या भेटीला जायचं, अशी रीत. देवी काही उठून चालू लागत नाही, म्हणून तिच्या वतीनं मी जायची. सगळ्यांत पुढे पाण्याचा तांब्या घेतलेली एक लहान मुलगी, तिच्यामागे मला धरणारा काठीकर, मग हलगीवाला आणि मग पन्नास-साठ माणसं. शेतकरी असत, धनगर असत, बायकाही असत. पाच दिवसांची पायी चाल.

वाडी सोडली की तासाभरात तिठा लागतो. एक वाट डोंगराच्या धारेवरून, धनगरवाड्यांमधून जाते. तिचा चढ मरणाचा आणि पाण्याची बोंब. दुसरी वाट धरणाच्या भिंतीकडून वळसा घालते. ती सपाट आहे, पण दोन दिवस जास्त खाते. तिसरी सगळ्यांत जुनी, दगड बसवलेली, खोऱ्यातून सरळ कोकणच्या घाटाकडे जाणारी. माझ्या तरुणपणी मी तिच्यावरून चालले आहे. मग धरण झालं आणि खोऱ्यातल्या गावांबरोबर ती वाटही पाण्याखाली गेली. तिठ्यावरून ती खाली उतरते आणि शंभर पावलांवर पाण्यात शिरते.

कुठल्या वाटेनं जायचं, हे माणसांनी ठरवायचं नाही. तिठ्यावर एक सपाट दगड आहे. काठीकर माझं बूड त्यावर टेकवतो, डोळे मिटतो, आणि मी जिकडे झुकेन तिकडे जायचं. तो वाघजाईचा कौल. त्यावर कोणी ब्र काढायचा नाही.

आता तुम्हांला आतली गोष्ट सांगते. तुम्ही लहान आहात, पण तुमच्यापाशी ती नीट राहील. मी कधीच आपणहून झुकत नव्हते. मला काठीकर झुकवायचा. नथूनं हे काम आपल्या भाच्याला, कोंडाजीला शिकवलं, तेव्हा मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते.

"आट दिस आदी एकल्यानं जायाचं," नथू म्हणाला. "समद्या वाटा बगायच्या. कुटं दरड पडलीया, कुटला झरा जित्ता हाय. जी वाट बरी, तिकडं हिला लवती करायची. पायाच्या आंगठ्यानं बूड सरकवलं की हिचा शेंडा लवतो. कुनाला कळत न्हाई."

"पर ह्ये खोटं न्हवं का, मामा?"

"वाट खरी हाय न्हवं? मग झालं तर. लोकं मानसाचं आयकत न्हाईत, देवीचं आयकत्यात."

कोंडाजीनं हे काम तीस वर्षं केलं. दर चैत्रात तो बाजारचं निमित्त करून निघायचा आणि रानं तुडवून, पाय सोलून परत यायचा. तीस वर्षांत एक माणूस गमावला नाही की कोणी तहानेनं पडला नाही. लोक म्हणायचे, वाघजाई जागृत आहे हो. माझ्यापुढे नारळ फुटायचे, बाया लेकरांची डोकी माझ्या बुडाशी टेकवायच्या. आयतं मिळालेलं कौतुक कोणाला नको असतं? मीही मिरवून घेतलं.

एक गोष्ट मात्र मला कधी कोणाला सांगता आली नाही. तिठ्यावर उभं राहिलं, की पाण्याच्या बाजूनं माझ्या शेंड्याला बारीक ओढ लागायची. कोणी पतंगाचा दोरा चाचपून बघावा इतकीच. वारा नसला तरी लागायची. कोंडाजीचा अंगठा दमदार होता, म्हणून ती ओढ कधी दिसली नाही.

मग पानशेतचं धरण फुटलं, आणि त्याच्या पुढच्या चैत्रात हे घडलं. धरण म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा यायचा. भिंतीकडच्या वाटेनं जायला कोणी राजी नव्हतं. त्यातच त्या साली पाणी फार लवकर ओसरलं. कधी नव्हे ती जुनी वाट उघडी पडली. तिठ्यावरून बघितलं की तिचे दगड ओळीनं खाली गेलेले दिसायचे, आणि लांब, गाळातून वर आलेले घरांचे चौथरे. त्यांतला एक चौथरा कोंडाजीचा होता. त्या गावात तो जन्मला, आणि पाणी आलं तेव्हा ऐन तारुण्यात डोक्यावर कणगी घेऊन तिथून वर आला.

त्या वर्षी वाटा बघून तो परत आला तो मांड्यांपर्यंत गाळानं माखलेला. देवळामागे त्यानं पाय धुतले. घरी जेवायला न जाता माझ्यापाशी खांबाला टेकून बसला. त्याची बोटं आखडल्यासारखी झाली होती, ती तो सारखी चोळत होता. खाली त्यानं काय बघितलं, ते बोलला नाही. नुसतं एवढंच पुटपुटला, "आवंदा धारंवरनं. काय बी झालं तरी धारंवरनं."

निघायच्या दिवशी सकाळी खोऱ्यात धुकं भरलं होतं. चैत्रात इतकं दाट धुकं मी त्याआधी बघितलं नव्हतं. तांब्या घेऊन पुढे चालायचा मान त्या वर्षी सुंदराकडे होता. नऊ वर्षांची पोर, तुकाबाईची. तुकाबाई धनगराची बाई. उन्हाळाभर तिच्या शेळ्या पाण्याच्या काठानं चरायच्या, त्यामुळे तिला तिथला बांधन् बांध ठाऊक होता. लेक पुढे म्हणून ती कोंडाजीच्या उजव्या हाताला चालत होती. मेळ्याचे म्होरके हैबतराव पाटील होते. भला माणूस, पण रीत म्हणजे रीत, असं मानणारा.

कोंडाजीनं माझं बूड दगडावर टेकवलं आणि डोळे मिटले. त्याचा अंगठा मला लागला. धारेकडे, हे मी ओळखलं आणि झुकायला लागले. तेवढ्यात माझा शेंडा कोणीतरी पकडला.

मित्रांनो, खोटं सांगत नाही. दरवर्षीची ती बारीक ओढ नव्हती ही. पुष्कळ हातांनी मिळून ओढल्यासारखं वाटलं. माझं कडं दगडावर करकरत फिरलं. कोंडाजीनं डोळे उघडले. त्यानं अंगठा रोवला, दोन्ही हातांनी मला धारेकडे खेचलं, त्याच्या दंडाच्या शिरा तटतटल्या. तरी मी वाकत गेले, वाकत गेले, आणि माझी मोरपिसं जुन्या वाटेच्या दगडांना लागली. एक पान हलत नव्हतं. मला इतकी भीती वाटली की काय सांगू. ज्याला सगळे माझं सामर्थ्य म्हणत होते, त्यात माझं काहीच नव्हतं.

मेळा मातीत आडवा झाला. "जुनी वाट," हैबतराव म्हणाले. "वाघजाईनं आपली जुनी वाट मोकळी क्येली. सुंदरे, चल पुडं."

सगळे खाली उतरले. कोंडाजी मला घेऊन चालत होता खरा, पण सारखा मागे वळून धारेकडे बघत होता. ज्या वाटेवर चाळीस वर्षं मासे फिरले, तिच्यावरून आम्ही चाललो होतो. दोन्ही अंगांना भेगाळलेला गाळ आणि आंब्यांची काळी खोडं. पाखरू म्हणून नव्हतं. वाल्मीक हलगी वाजवत होता. चालता चालता त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं हात थांबवला.

हलगी वाजतच राहिली.

ती पुढून, धुक्यातून येत होती. "डोंगराचा पडसाद हाय," कोणीतरी म्हणालं. पडसाद किती वेळ टिकतो? वाल्मीकनं हलगी काखेत दाबून धरली होती आणि तो घामानं भिजला होता. मग सुंदरानं खाली बोट दाखवलं. वाटेच्या दगडांवर ओली पावलं उमटलेली होती. अनवाणी, लहान, मोठी, पुष्कळ. सगळी पुढे गेलेली. आमच्याआधी त्या वाटेनं कोणी गेलं नव्हतं.

हैबतरावांनी हात जोडले. "द्येवीचा मेळा हाय पुडं. भ्यायचं न्हाई."

चार पावलांवर वाटेचे दगड संपले आणि गाळ लागला. वरून सुकलेला, पांढुरका, शेणानं सारवल्यासारखा सपाट. सुंदरा थांबली. तुकाबाई झपाट्यानं पुढे झाली आणि तिनं लेकीचा दंड धरला.

"पाटील, पोरीला हितनं पुडं घालू नगा," ती म्हणाली. "परवा माजी शेळी गेली ह्या गाळात. वरनं सुकलाय, आत न्हाई. शिंगं दिसत व्हती, मग ती बी दिसंनात."

"तुकाबाई, कौल झालाय."

"कौलाला दिसतं का आत काय हाय त्ये?"

"त्वांड सांबाळ," हैबतराव म्हणाले. ते रागावले नव्हते, घाबरले होते. "कौल मोडला तर समद्या वाडीवर यील. सोड पोरीला. द्येवी न्हेती तितं द्येवी राखती."

मागची माणसं पुढे सरकली. तुकाबाईनं दंड सोडला नाही, पण दोघा गड्यांनी तिला बाजूला घेतलं. कौल मोडायचं पाप कोणालाच नको होतं. सुंदरानं तांब्या छातीशी धरला आणि मागे वळून कोंडाजीकडे पाहिलं. पुढची हलगी जोरात वाजू लागली.

मला कोंडाजीचे हात कळत होते. ते थंडगार होते. मग त्यांनी मला सरळ उभं धरलं.

"थांबा," तो म्हणाला. "कौल खोटा हाय."

सगळे त्याच्याकडे वळले.

"म्या झुकवली काठी. आंगठ्यानं." त्यानं पाय पुढे केला. अंगठ्याचं नख उलटं झालं होतं आणि रक्तानं पाऊल भरलं होतं. "ह्यो बगा. माजं गाव वर आलंय. मरायच्या आदी येकदा बगावं वाटलं, म्हून तुमास्नी हिकडं आनलं. देवी न्हाई, काय न्हाई. मी लबाड मानूस हाय."

हैबतरावांनी वाकून तो अंगठा बघितला. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आजवर किती साल?"

"तीस."

पाटलांनी पुढे होऊन मला त्याच्या हातातून काढून घेतलं. कोणीतरी त्याच्या पायाशी थुंकलं. कोणी शिवी दिली. तो मान खाली घालून उभा राहिला. आणि मी, जिला खरं काय ते ठाऊक होतं, ती पाटलांच्या हातात काठीसारखी उभी. त्याचं रक्त मला धारेकडे खेचताना निघालं होतं, हे सांगायला मला तोंड नव्हतं.

आई धावत आलेली बघून सुंदराच्या हातातला तांब्या निसटला आणि गाळावर पडला. आधी नुसता बसला. मग पोट दिसेनासं झालं, मग काठ. बुडबुडासुद्धा आला नाही. मेळा मागे फिरला, आणि तो फिरला तशी पुढची हलगी एकदम बंद पडली.

आम्ही धारेच्या वाटेनं गेलो आणि चौदसाला कोकणात पोचलो. सगळी माणसं धडधाकट पोचली. त्यांच्यामागे, अर्ध्या हाकेवर, कोंडाजी एकटा चालत होता. त्याला कोणी पाणी विचारलं नाही.

त्यानंतर मला कोणी कौल लावला नाही. खोट्या काठीला कोण विचारणार? दोन-तीन वर्षं मला नुसतीच नेली. पुढे मेळा मालट्रकमधून लांबच्या मोटाररस्त्यानं जाऊ लागला, आणि माझ्याएवढी उंच काठी ट्रकमध्ये मावेना. मग या खुंट्या आल्या. माझ्या नशिबी धूळ आली, त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. कोंडाजीचं वाटलं. त्याला लग्नाकार्यात बोलावणं बंद झालं. चावडीवर तो दिसला की माणसं उठायची. पोरं मागून ओरडायची, "लबाड कोंडाजी." तुमच्याच वयाची पोरं होती ती. तो मात्र भर दुपारी, देवळात चिटपाखरू नसताना यायचा आणि करंजाच्या तेलाचं फडकं माझ्या अंगावरून फिरवायचा.

सात वर्षांनी अशाच एका दुपारी तुकाबाई आली. सुंदराचं लग्न होऊन ती बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची तान्ही लेक तुकाबाईच्या खांद्यावर झोपली होती.

"तात्या," ती म्हणाली, "त्या दिशी मी तुमच्या उजव्या हाताला व्हते. तुमी धारंकडं वढत व्हता. म्या समदं बगितलं."

कोंडाजीचं फडकं थांबलं. "मग इतकी वरसं गप का ऱ्हायलीस?"

"तवा बोलले आस्ते तर पोरगी गाळात गेली आस्ती. मागनं बोलायची लाज वाटली. आता बोलते. चावडीवर जाऊन सांगते, तात्या लबाड न्हाईत."

"नगं, बाई." तो खांबाला धरून खाली बसला. "सांगितलंस तर काय हुईल? कौल खरा व्हता आन आपुन मोडला, आसं समद्यास्नी कळंल. मग कुनाची गाय मेली, कुनाचं प्वार तापलं, की त्या पान्याकडं बगत बसत्याल. मी लबाड हाय तवर वाडी बिनघोर निजतिया."

तुकाबाईनं खांद्यावरची तान्ही सावरली. "मग वढत कोन व्हतं, तात्या? वाघजाई?"

"वाघजाई लेकरास्नी गाळात न्हेत न्हाई." त्यानं आवाज खाली आणला. "मी आदी ग्येलो व्हतो न्हवं वाटा बगायला. आमचा चौथरा वर आला व्हता, आन त्येच्यावर आमची चूल. म्या हात ठिवला. गरम व्हती."

"उनानं तापली आसंल."

"त्या दिशी बी धुकं व्हतं, तुका. उन कुटलं?" तो बोटं चोळू लागला. "पानी आलं तवा मागं ऱ्हायलेली हायेत ती. त्यास्नी वाटलं आसंल, आपली मानसं परत आली. वाईट न्हाईत ती. पर आपल्याला जगायचं हाय."

"न्हाई सांगत कुनाला," म्हणत तुकाबाईनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. मग खांद्यावरची तान्ही उतरवली आणि त्याच्या मांडीवर दिली. सात वर्षांत त्याच्या हातात कोणी लेकरू दिलं नव्हतं. ते कसं धरायचं हेच तो विसरला होता. तो रडला, आणि मग बराच वेळ तिच्याकडे बघत बसला.

त्याच पावसाळ्यात तो गेला. आमच्याकडे रीत आहे. काठीकर गेला की काठी त्याच्या दारी नेतात, तिरडीपुढे वाकवतात आणि मगच त्याला उचलतात. नथूच्या वेळी मी गेले होते. कोंडाजीच्या वेळी मला कोणी खुंटीवरून काढलं नाही. देवळाच्या दारात तुकाबाई तेवढी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, पण तिनं शब्द दिला होता.

मित्रांनो, अजूनही चैत्रात पाणी ओसरलं, की माझा शेंडा हळूहळू खोऱ्याच्या अंगाला वळतो. पुजारी म्हणतात, खुंटी ढिली झाली. ते मला परत सरळ करून ठेवतात.

तुमच्यापाशी एक मागणं आहे. मला तेल नको, नवं कापड नको. तुमच्या गावात, तुमच्या घरात एखाद्या माणसाला सगळे लबाड म्हणत असतील, तर तुम्ही लगेच त्यांच्यात ओरडायला जाऊ नका. त्याच्या लबाडीनं कोण जगलं, ते आधी विचारा. त्याला पाणी द्या, आणि तो जिवंत आहे तोवर द्या. माझा सगळा जन्म लोकांसमोर वाकण्यात गेला, आणि त्यांतलं एकही वाकणं माझं नव्हतं. एकदाच मला मनापासून वाकायचं होतं, कोंडाजीच्या दारात. तिथं मला कोणी नेलं नाही.